माळेची लांबी

“हिलू नका हो. सीधे उभे राहा.”

विनोदिनीने गोपाळकृष्णांच्या गळ्यातली माळ नीट केली आणि तिचं टोक कुठवर पोचतं ते वाकून पाहिलं. काल बरगडीपाशी रेंगाळलेली माळ आज बेंबीला टेकली होती.

“उतरतोय पीलिया,” ती म्हणाली आणि चहाकडे वळली. स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू आलं, तशी गोपाळकृष्णांनी कुडत्याच्या खिशातली वाळकी काडी बोटाने आणखी खोल ढकलली.

करोना आला तो ताप, खोकला घेऊन, आणि गेलाही. मागे राहिला थकवा, आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात मुक्काम ठोकलेली काविळीची पिवळाई, कलत्या उन्हासारखी. माधव नगरातले डॉक्टर रुचिर गोपाळकृष्णांचाच जुना विद्यार्थी.

“सर, हा विषाणू कधीकधी लिव्हरलाही गाठतो. सूज आहे. बहुतेकदा आपणहून ओसरते. विश्रांती घ्या, मनाने गोळी नको, जडीबुटी तर मुळीच पोटात नको. पुढच्या तपासणीत आकडे चढलेच, तर मात्र इंदूरला भरती व्हावं लागेल.”

त्या एका ‘तर’ने विनोदिनीचं गाणं नेलं. घरात भांडीसुद्धा दबक्या आवाजात बोलू लागली.

मग शेजारच्या अनसूयाभाभी माळ घेऊन आल्या. दोऱ्याच्या फासांत अडकवलेल्या ओल्या काड्या, जेमतेम डोक्यावर बसेल एवढं कडं.

“भाईसाब, पहन लो. जैसे-जैसे पीलिया उतरेगा, माला लंबी होती जाएगी.”

वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मोठ्याने हसले. “काडी सुकते, आकसते, फास ढिला पडतो, दोरा लांबतो. खुंटीला अडकवा, खुंटीचाही पीलिया उतरेल!”

“पोटात तर नाही न जात काही?” विनोदिनीने विचारलं.

“नाही.”

“मग चूपचाप घाला.”

माळ कानांवरून गळ्यात उतरली त्या सकाळी विनोदिनी भाजी निवडताना गुणगुणली. पुढे माळ अडली आणि घर पुन्हा मुकं झालं. तेव्हा गोपाळकृष्णांनी न्हाणीघराची कडी लावली आणि एक काडी फासातून ओढून काढली. दोरा बोटभर सैल झाला. प्रॅक्टिकलच्या वहीत आकडे जुळवणाऱ्या कित्येक पोरांना त्यांनी नापास केलं होतं. आता रोज आंघोळीच्या वेळी ते स्वतःच आकडे जुळवत होते.

माळ मात्र त्यांच्या हिशेबापेक्षा भराभर उतरत होती. शास्त्राच्या माणसाला हे खटकायला हवं होतं. पण आशेची उलटतपासणी कोण घेतो? आरशासमोरून जाताना ते क्षणभर थांबत, टोक कुठे आलं ते पाहत आणि उगाच ताठ चालू लागत.

तपासणीचा दिवस आला. रुचिरने रिपोर्ट दोनदा वाचला.

“सर, सगळं नॉर्मल!” मग त्याची नजर गुडघ्यांवर लोंबणाऱ्या माळेवर गेली. “आणि हे?”

“फॅशन,” गोपाळकृष्ण म्हणाले.

फाटकाशी अनसूयाभाभींनी तोंडावर हात ठेवला. “हे राम! घुटने तक? ऐसी तो आज तक किसी की नहीं हुई. अब इसे शिप्रा में सिरा आओ.”

घाटावर ऊन पाण्यात खेळत होतं. गोपाळकृष्णांनी माळ नदीत सोडायला काढली. नुसता दोराच म्हणायचा, चार काड्या कशाबशा टिकलेल्या. ते वाकणार तोच विनोदिनीने चष्म्याचं घर उघडलं आणि त्यांच्या ओंजळीत मूठभर वाळक्या काड्या ओतल्या.

“ह्या पण सोडा.”

ते बघत राहिले. “तू? मला वाटलं, तुझा विश्वास आहे.”

“खुंटीचं सांगितलंत तेव्हाच उडाला. पण तुम्ही आरशात बघायचात न रोज.”

त्यांनी त्या एका तळव्यावर पेलल्या आणि दुसऱ्या हाताने खिसा उलटा केला. तिच्या काड्यांवर त्यांच्या काड्या पडल्या.

विनोदिनी ओंजळीकडे पाहत राहिली, मग पदरात तोंड लपवून हसू लागली.

“तुझ्या जास्त आहेत,” ते म्हणाले.

“तुम्ही दुपारी फार गाढ झोपता.”

दोघांनी मिळून ओंजळ रिकामी केली. पाण्यावर काड्या एकमेकींत मिसळल्या आणि हळूहळू पुढे निघाल्या. पायऱ्या चढताना गोपाळकृष्ण तिचंच गाणं गुणगुणू लागले.

“सूर चुकला,” विनोदिनी म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं.