कोल्ह्याला दिलेली ओ

आनंद सव्वादोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. आमच्या घरात ही गोष्ट फार उठून दिसे, कारण बाकीचे सगळे डोळे उघडल्यापासून बोलत असत. सासूबाई देवाशी बोलत, आणि देव उलट उत्तर देत नाहीत म्हणून मग माझ्याशी बोलत. नणंद हेमा शाळेतली भांडणं दोन्ही बाजूंनी करून दाखवी. ह्यांना ठाण्याच्या कचेरीत दिवसभर साहेबापुढे गप्प बसावं लागे, त्याची भरपाई हे संध्याकाळी वर्तमानपत्र अग्रलेखासकट मोठ्याने वाचून करत. आनंद मधोमध बसून ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे मान वळवी.

त्यातून मला हाक काय मारायची हाही प्रश्न होताच. सासूबाई मला मंदा म्हणत, हेमा वहिनी म्हणे, आणि हे नुसतं "ऐकलंस का?" म्हणत. सासूबाईंच्या माहेरच्या घराण्यात मुलं आईला वहिनीच म्हणत आलेली, तेव्हा आनंदनेही तेच म्हणावं असा त्यांचा आग्रह. मला वाटे, त्याने आई म्हणावं. पण घरात आईची जागा आधीच भरलेली होती. ह्यांची आई अजून त्या जागेवरून उठायला तयार नव्हती.

कल्याणच्या डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, आणि सगळं ठीक आहे, थांबा म्हणून सांगितलं. थांबणं सासूबाईंना जमण्यासारखं नव्हतं. आधी मधात उगाळून वेखंड झालं. मग त्यांनी कल्याणच्या एका वैद्यबुवांना निरोप धाडला. हे बुवा न बोलणाऱ्या मुलांच्या जिभेखालची तार कापून देत. गुरुवार ठरला. बुवांना मी एकदा शेजारी पाहिलं होतं. काम झाल्यावर चाकू ते ज्या धोतराला पुसत, तेच नेसून जेवायला बसले होते.

ह्यांना सांगून पाहिलं. हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, एवढीशी तर तार, आणि आईचं मन कशाला मोडायचं? मनापेक्षा जीभ मोडणं ह्यांना सोपं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी मी कंदिलाची काच पुसत होते. आमचं घर मानपाड्याच्या वाटेवर, मागच्या पायरीपासूनच शेतं सुरू होत. आनंद पायरीवर बसलेला. इतक्यात बांधापलीकडून लांब, चढत जाणारा आवाज आला. मला वाटलं, लांडगा! काच टाकून धावले, तर पोरगं हनुवटी वर करून, ओठांचा चंबू करून, हलकेच "ऊऊऊ" करत होतं. रडत नव्हतं, घाबरलंही नव्हतं. कुणी हाक मारल्यावर ओ द्यावी तशी ओ देत होतं.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. कॉलेजची वही ट्रंकेतून काढली. लांडगा क्वचितच भुंकतो, असं तिच्यात माझ्याच अक्षरात होतं. तो लांब सूर लावतो, तो कळपातल्या दूर गेलेल्यांना आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून. कुत्रा त्याचाच भाऊबंद, पण येताजाता भुंकणारा. माणसांच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर आणखी काय होणार, असं मी समासात लिहून ठेवलं होतं. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, तरी बरंच कळत होतं म्हणायचं.

सकाळी भाजी घेऊन मानपाड्याची सखुबाई आली. तिचं माहेर मुरबाडकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिला मी हळूच विचारलं. लांडगा वही वाचून ओळखणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असावी.

"लांडग्याचा सूर एकच, लांबलचक," ती म्हणाली. "त्यो ऐकला का गुरां गप व्हतान. तुमचे इकरं कोल्हं हायेत, बाय. एक सुरू करतो, मंग बाकीचे, आन शेवटाला हसल्यावानी करतान."

पुढचे सहा दिवस मी रोज दिवेलागणीला मागच्या दारी काही ना काही काम काढलं. कुत्री भुंकली तर आनंद मानसुद्धा वळवत नसे. कोल्हे सुरू झाले की मात्र कान देई, त्यांचं संपेपर्यंत थांबे आणि मग आपलं म्हणे. पलीकडून पुन्हा आवाज आला तर पुन्हा थांबे. दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघणारा आमच्या घरातला हा पहिलाच माणूस.

म्हणजे कान शाबूत, आवाज शाबूत. मी आनंदाने ह्यांना सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि उठून मागचं दार लावून घेतलं. मुलगा बोलत नाही हे चारचौघांत सांगता येतं, कोल्ह्यांशी बोलतो हे सांगता येत नाही, असं ह्यांचं म्हणणं. आईला तर कळताच कामा नये. मी म्हटलं, मग गुरुवारचं काय? हे म्हणाले, गुरुवारी मला कचेरीत काम आहे.

बुवा सकाळी दहाला आले. कोल्ह्यांची ती झोपायची वेळ. सासूबाईंनी आनंदला मांडीवर घेतलं आणि हेमाला त्याचे हात धरायला सांगितले. बुवांनी चाकू धोतराला पुसला. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगू लागले, तर सासूबाईंनी मला पाणी आणायला पाठवलं. मी आणलं. बुवांनी आनंदच्या हनुवटीला हात घातला, आणि मी तांब्या खाली ठेवून, पदर सावरून, मान वर केली नि सूर लावला.

मी लावला तो लांडग्याचा. इतकं शिकल्यावर कोल्ह्याचा लावणं मला तेव्हाही कमीपणाचं वाटलं असावं. खोल, लांब, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. आळीतली सगळी कुत्री एकदम भुंकू लागली. हेमाने आनंदचे हात सोडून माझा दंड धरला. बुवांनी चाकू खाली ठेवला, बहुधा माझ्यापासून दूर. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाल्या. आनंद मात्र माझ्याकडे नुसता बघत राहिला, परक्या बाईकडे बघावं तसा.

मागच्या दारात टोपली उतरवून सखुबाई उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाय, ती बोली त्याला नाय येत. कोल्ह्याची कर."

मी कोल्ह्याची केली. चढवत नेली, फोडली, शेवटी हसल्यासारखी उडवली. संपेपर्यंत आनंद थांबला. मग सासूबाईंच्या मांडीवरच ताठ होऊन त्याने हनुवटी वर केली आणि ओ दिली, पहिल्यापासून शेवटच्या तुकड्यांपर्यंत. ते तुकडे जीभ टाळूला आपटल्याशिवाय निघत नाहीत. तोंड पूर्ण उघडं, जीभ लवलवत वर जातेय, बुवांच्या नाकासमोर.

बुवांनी वाकून नीट पाहिलं. धंद्याशी माणूस इमानी होता. "जीभ मोकळी आहे," ते म्हणाले. "इथं माझं काम नाही." मग माझ्याकडे बघत सासूबाईंना हळू आवाजात सांगितलं, की सुनेसाठी कल्याणलाच दुसरे एक बुवा आहेत, तेही गुरुवारीच बघतात.

संध्याकाळपर्यंत आळीत सगळीकडे झालं, की बुवांनी नुसता चाकू उचलला आणि पोराला कंठ फुटला. हे सासूबाईंनीच सांगितलं. त्यात मी कुठेच नव्हते, आणि घराण्याच्या दृष्टीने ते बरंच होतं. ह्यांनीही कचेरीत तेच सांगितलं. त्या महिन्यात आमच्या आळीतून चार मुलं बुवांकडे गेली. त्यांतल्या दोन आयांना गाठून मी म्हटलं, आधी आठ दिवस दिवेलागणीला मागच्या दारी बसवून तर बघा. दोघींनीही मुलाला माझ्या बाजूच्या कडेवरून काढून दुसऱ्या कडेवर घेतलं.

आनंद आता मला घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून हाक मारी, हनुवटी वर करून. मंदा नाही, वहिनी नाही, आई नाही. सासूबाई पूजेला बसलेल्या असल्या की मीही हळूच ओ देत असे. पण शिकलेल्या बाईला तेवढ्यावर समाधान कुठलं! रोज दुपारी त्याला पुढ्यात बसवून, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, मी "आई म्हण, आ-ई" असा पाठ घेऊ लागले.

मार्गशीर्षात एका दुपारी असा पाठ बराच वेळ चालला होता. आनंदने माझं संपायची वाट पाहिली. ते संपेना, तेव्हा त्याने तळहात माझ्या तोंडावर ठेवला आणि स्वच्छ, रकारासकट म्हणाला, "पुरे."

सासूबाईंनी पेढे वाटले. पहिला पुडा कल्याणला बुवांकडे गेला.