मागे नेणारं बटण

"तू हरली नाहीस अरिबा, तू नुसतं दाबलंस. हरायला आधी खेळावं लागतं."

अरिबाचा मित्र शौनक असं बोलला आणि मला कळलं, आता आपण आपटणार.

"त्याचा क्रिटिकल लागला," अरिबा म्हणाली. "नशीब होतं त्याचं, डबल मार बसला. त्यात माझी काय चूक?"

"क्रिटिकल शेवटी लागला. त्याच्या आधी तीन चाली तू ढालीवर डोकं आपटत होतीस. ढाल्या मैदानात आला की पहिल्यांदा ढालच लावतो. हे स्वारगेटला बसची वाट बघत बसलेल्या माणसानेपण सांगितलं असतं."

"मग जा, त्यालाच शिकव."

आणि आपटलं. बाकावर, धाडकन.

तर मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. हातात धरून खेळायच्या गेमवर उजवीकडे चार बटणं असतात ना, त्यातलं सगळ्यात खालचं. माझ्यावर 'बी' लिहिलंय. माझं काम एकच. निवडलेलं मागे घ्यायचं. माझ्या वरच्या बाजूला उजवीकडे ए बसतो. त्याचं काम 'चालेल, ठरलं'. सगळं जग त्याला दाबतं. मला राग येतो, पण खरं तेच सांगतोय.

कारखान्याचं मला फार आठवत नाही. गरम प्लास्टिक होतो, साच्यात पडलो, बटण झालो, विषय संपला. माझा पहिला मालक योगेश, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला. डबा उघडून त्याने मला दोनदा दाबलं आणि म्हणाला, "काय कडक क्लिक आहे." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, आणि बराच काळ शेवटचंपण. बारा दिवस खेळला. मग ऑफिसात कसलं तरी मोठं काम आलं आणि आम्ही दोन वर्षं ड्रॉवरमधे, चार्जरच्या वायरींखाली. शेवटी त्याने गेम नारायण पेठेत नासिरमामूंच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात विकला. मामूंनी तो भाचीला दिला. ती ही अरिबा. वय सतरा, डोकं गरम.

आता खेळ समजून घ्या, एकदाच सांगतो. प्रत्येकाचे दोन मॉन्स्टर मैदानात असतात, मघाचा ढाल्या तसलाच एक. एका चालीत दोघांना एकेक हुकूम द्यायचा. पहिल्याला दिला, मग दुसऱ्याला. दुसऱ्याचा हुकूम पक्का होईपर्यंत मी आहे. मला दाबलं की सगळं मागे येतं, परत विचार करता येतो. पक्का झाला की संपलं, मग कोणाचं काही चालत नाही. अरिबाचे दोन लाडके आहेत. ठिणगी चपळ आणि नाजूक. रोलर हळू, पण लागला तर समोरचा सपाट. दोघंही चांगले आहेत. लोचा तिच्या अंगठ्यात होता. समोरचा हसला, की दाब ए. समोरच्याने वेळ लावला, की दाब ए. एका चालीला पंचेचाळीस सेकंद मिळतात. ही चारात मोकळी.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत हरल्यावर तिने गेम भिंतीवर फेकला होता. तेव्हा तिच्या अम्मीने, म्हणजे आबेदाबाईंनी, आवाज न चढवता सांगितलं, "पुढच्या स्पर्धेत पहिल्या आठात आलीस तर बेंगळुरूच्या फायनलला मी स्वतः येते तुझ्याबरोबर. नाही आलीस तर हा गेम तालिबला द्यायचा. परत मागायचा नाही." तालिब तिचा मामेभाऊ, चार वर्षांचा. तो बटणं चोखतो. मी स्वतः पाहिलंय. रिमोटचं काय केलं त्याने ते विचारू नका.

म्हणजे अरिबाचं खेळणंच पणाला लागलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझी अब्रू. स्पर्धेला तीन आठवडे होते आणि ती बाकावर मला आपटत होती.

त्या आपटण्याने ए अडकला. दाबला तरी चालेना. अरिबाचं तोंड उतरलं. तो बाक मामूंच्या दुकानाबाहेरचाच, त्यामुळे मामूंनी आतूनच हात पुढे केला. "आणा इकडे. आधी तोडायचं, मग मामू आठवायचा."

मामूंनी मागचं झाकण उघडलं. प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी गादी असते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक गादी तपासली.

"ए ची गादी फाटलीये," ते म्हणाले. "आणि बी ची बघ. कोरी. शोरूममधून आल्यासारखी. हे बटण कशाचं आहे गं?"

अरिबाने शौनककडे बघितलं.

"मागे घ्यायचं," शौनक म्हणाला.

"अस्सं. म्हणजे ह्या पोरीने दीड वर्षात काहीच मागे घेतलं नाही." मामूंनी चिमटा उचलला. "नवीन गादी मागवतो, यायला महिना लागेल. तोवर बी ची काढून ए ला लावतो, ए ची फाटकी बी ला. बी तू वापरत नाहीसच, तुला कुठे फरक पडतोय."

मित्रांनो, आयुष्यात माझा इतका अपमान कोणी केला नव्हता. माझी चांगली गादी त्या ए ला, आणि त्याची झिजलेली मला. पण अरिबाकडे बघितलं तर तिचे कान लाल झाले होते. शौनक वर्षभर तिला तिच्या हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग दाखवत होता, तेव्हा ती प्रत्येक वेळी भांडली होती. नेट स्लो होतं, तो चीटिंग करत होता, नशीब फुटकं. रबराशी कसं भांडणार?

मामू झाकण लावत होते. शेवटचा स्क्रू लावायच्या आधी ते थांबले, झाकण परत उचललं, आत एक नजर टाकली, मग स्क्रू पिळला.

"आता का उघडलं?" अरिबाने विचारलं.

"शेवटच्या स्क्रूआधी एकदा बघतोच. सतरा वेळा काही निघत नाही. अठराव्या वेळी आत वायर दबलेली असते."

ती घरी गेली आणि त्याच संध्याकाळी ढाल्यासमोर हरलेल्या तीन मॅच एकटीने परत बघितल्या. दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या शौनकला म्हणाली, "मी दोन्ही मॉन्स्टर एकावरच सोडते. चिडले की."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मी वर्षभर तेच सांगतोय."

"तू टोमणे मारत होतास. सांगत नव्हतास."

शौनकने जरा विचार केला. "बरं. अर्धी चूक माझी."

"पाव. अर्धी म्हणून भाव खाऊ नको."

त्यानंतर तीन आठवडे मी काम केलं, मित्रांनो. असं काम योगेशच्या ड्रॉवरमधे कधी स्वप्नात आलं नव्हतं. दुसरा हुकूम पक्का करायच्या आधी ती अंगठा उचलायची आणि चारही मॉन्स्टर परत बघायची. बहुतेक वेळा बरोबरच असायचं, मग ए. कधी कधी मी. गादी फाटकी असल्याने हलकं दाबलं तर मला ऐकू येत नाही. पहिले काही दिवस ती वैतागली. मग पूर्ण दाबायला शिकली. मला अर्धवट दाबून कोणाचंच भलं होत नाही, हे मी आधीपासून सांगतोय, पण बटणाचं ऐकतं कोण.

ती हरलीपण, बरं का. भरपूर. पण चुका नव्या होत्या. एकदा रोलरला उगाच वाचवत बसली, एकदा फारच विचार केला आणि वेळ संपला. तीच जुनी चूक मात्र परत दिसली नाही. शौनकचे टोमणे कमी झाले, त्यामुळे मला जरा बोअर झालं.

आणि आज रविवार. हिंजवडीतला एक हॉल, एसी एवढा की मी गार पडलोय. शेवटची फेरी. जिंकली तर पहिल्या आठात. एक मॅच हिची, एक समोरच्याची, ही तिसरी. मागच्या खुर्चीवर आबेदाबाई मांडीवर डबा घेऊन बसल्यात. त्यांना खेळ कळत नाही, त्या पोरीचा चेहरा बघतायत. शौनक उभा आहे आणि चक्क गप्प आहे.

समोरच्याने आत्ताच ढाल्या उतरवलाय. वर अरिबाकडे बघून हसलाय. तेच हसू. आणि तिने ठिणगीचा हुकूम ढाल्यावर सोडलाय. रोलरचापण ढाल्यावरच टेकवलाय. ए दाबला की पक्कं. एकवीस सेकंद राहिलेत.

तुम्हाला वाटेल मी घाबरलोय. अजिबात नाही. ह्या अंगठ्याला मी तीन आठवडे ओळखतो. चुकणार तर तो आहेच, सगळेच चुकतात. आता त्याला परतीचा रस्ता माहितीये, एवढंच. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे असं एखादं कोरं बटण असेल तर त्याला अधूनमधून दाबत जा. आणि दाबाल तेव्हा पूर्ण दाबा. चोखू नका.

अजून बरंच सांगायचं होतं. पण अंगठा उचलला गेलाय. ए च्या वरून सरकलाय. खाली येतोय.

चला, मला जावं लागतंय.