बिनआवाजी पोळा आणि मी ग्लायसिन

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. नाव ग्लायसिन. राहणार कबऱ्या बैलाच्या पाठीच्या कण्यात, मुक्काम मानोऱ्याजवळचा तांडा. सुईच्या टोकावर माझ्यासारखे कोट्यवधी मावतील, पण चार क्विंटलचा बैल माझ्या शब्दावर चालतो. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतो.

कबऱ्यानं खाल्लेल्या कडब्या-ढेपेतूनच मी घडलो. मज्जातंतूच्या टोकाशी इवल्या पुड्यांत आम्हाला भरून ठेवतात. इशारा आला की दार उघडतं, मी पलीकडच्या पेशीला गाठतो आणि बजावतो, 'तू गप बस!' बैल पाय उचलतो तेव्हा एक स्नायू आखडतो आणि त्याच्या उलट ओढणाऱ्यानं सैल पडायचं असतं. त्याला सैल पाडणारा मी. काम झालं की मला परत आत ओढतात, पुन्हा पुडीत भरतात. अशी सात वर्षं गेली. कपाशीच्या ओळींतून डवरा ओढताना कबऱ्यानं कधी पराटीचं रोप तुडवलं नाही. लोक म्हणायचे, "काय चाल हाय गड्या!" माझं नाव मात्र कुणी घेतलं नाही. जाऊ द्या, रुसून बसायला मला फुरसत कुठे होती!

यंदा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी कबऱ्याला नाल ठोकताना त्यानं पाय झटकला आणि खिळा खुराच्या आत घुसला. त्याची मालकीण नानीबाई जिवाला जीव देणारी बाई. तिनं खिळा उपसला, भोकात ताजं शेण गच्च भरलं आणि वर फडकं बांधलं. घ्या! धनुर्वाताच्या जंतूला आणखी काय हवं होतं? शेणात तो असतोच, आणि हवा न लागणारं भोक त्याला आयतं मिळालं. त्याचं विष तंतूंतून चढत माझ्या दारापर्यंत आलं आणि त्यानं दारच जाम केलं. मित्रांनो, आम्ही मेलो नव्हतो, कोंडले गेलो होतो. बाहेर सगळे स्नायू एकदम आखडत होते आणि त्यांना गप करणारं कुणी नव्हतं. फार असहाय वाटलं मला.

कबऱ्याचे पाय खांबासारखे ताठ झाले, शेपटी वर राहिली, जबडा मिटला. बसताही येईना. जनावरांच्या डॉक्टर मंजुषाताई आल्या.

"खुरात काय भरलं व्हतं, नानी?"

"शेण. माह्या मायनं बी तेच भरलं, बाई."

ताईंनी जखम उघडी करून धुतली, सुया टोचल्या, कबऱ्याच्या कानात कापूस घातला. "मोकळं फिरून राह्यलेलं विष मरन, पन आत शिरलेलं सुईनं निघत नाई. तंतूले नवे कोंब फुटाले दिवस लागतीन. तोवर अंधार अन् शांतता. आवाज झाला का झटका येईन, अन् छाती आखडली तं बैल गेला समजा. हलवू बी नका, पडला तं उठनार नाई."

पोळा परवावर होता आणि तोरण नानीबाईच्या गोठ्यासमोरच बांधायचे. डफडी, घुंगरमाळा आणि वर गावातल्या खड्या गळ्याच्या शेषरावच्या झडत्या! पोळ्याची ती गाणी त्यानं ललकारली की शेजारच्या तांड्यात ऐकू जात. साऱ्या गावाचा सण कसा अडवायचा? तरी ती त्याच्या दारात गेली.

"भाऊ, माहा कबऱ्या मरन रे." रडत रडत तिनं ताईंचं बोलणं सांगितलं.

शेषरावनं सगळं ऐकून घेतलं. "रडतं काहून, नानी? पोळा बैलाचा असते, माह्या गळ्याचा नाई."

पोळ्याच्या दिवशी बैल आले ते घुंगरमाळा काढून. डफडी घरीच राहिली. शेषराव तोरणाखाली उभा राहिला आणि त्यानं झडती म्हटली ती पहिल्या बैलाच्या कानात, हळूच. मग दुसऱ्याच्या. जोडीमागून जोडी तोरणाखालून गेली. कबऱ्याला त्या दिवशी एकही झटका आला नाही. आत कोंडलेलो मी, पण छाती अभिमानानं फुगली माझी!

पुढे दोन आठवड्यांनी नवे कोंब फुटले, दारं उघडली आणि मी धावत सुटलो. 'गप बस! तू पण गप बस!' कबऱ्याचा गुडघा वाकला आणि तो खाली बसला. नानीबाई त्याच्या मानेला मिठी मारून हमसून हमसून रडली.

मित्रांनो, जखम धुवा, शेण-माती लावू नका, धनुर्वाताची सुई चुकवू नका. आणि शेजारी कुणी आजारी असेल तर तुमचा आवाज कमी करा. औषध डॉक्टर देतील, शांतता तुम्हालाच द्यावी लागेल.