तुरटीतला डोळा

अब्दुलगनीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खारगाच्या मरूद्यानातल्या त्या खेड्याने सकाळची कामं तशीच टाकली होती, आणि मधोमध नजर उतरवणारा शेख तहामी निखाऱ्यांपुढे मांडी ठोकून बसला होता. त्याच्या चिमट्यात अक्रोडाएवढा पांढरा खडा होता. समोर अब्दुलगनीच्या बायकोच्या, वहीबाच्या, मांडीवर त्यांची आठ महिन्यांची नजात मान टाकून पडली होती. तीन दिवस जुलाब चालले होते, आणि आता तिचं रडणंही थांबलं होतं.

"जिनांच्या डोंगरावरचा खडा हा," शेख सांगत होता. "नजर लावणारा पाताळात लपला तरी त्याचं तोंड दाखवतो. लेकरावरून सात वेळा उतरवला, आता बघा, लेकराच्या वतीने खडा रडेल."

खडा निखाऱ्यावर ठेवताच खरोखर पाझरला. मग खदखदला, फुगला आणि मुठीएवढा झाला. लोकांनी तोंडात बोटं घातली. शेखने चिमट्याच्या टोकाने तो इकडून तिकडे वळवला आणि फुंकर घातली.

"बाईमाणूस दिसतंय. एक डोळा उघडा, एक मिटलेला."

सगळ्यांच्या माना सत्तूताकडे वळल्या. सत्तूता गावची सुईण. तिची एक पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. नजातची नाळ तिनेच कापली होती.

"हिच्या झग्याच्या काठाची चिंधी धुरीत टाकली की नजर उतरली," शेख म्हणाला. "तोवर पोरीला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही."

चिंधी देणं म्हणजे काय, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. दिली की नजर कबूल, आणि मग सत्तूताला एकाही बाळंतिणीच्या दारात कुणी उभं करणार नव्हतं. नाही दिली तर पोरगी तिने मारली. सत्तूताच्या हातात कुणीतरी कात्रीसुद्धा दिली होती.

मागे, कोपरापर्यंत निळे हात घेऊन, खाला बहिय्या उभी होती. गावची रंगारीण. लोकरीला रंग धरावा म्हणून चाळीस वर्षं ती तुरटीच्या पाण्यात हात घालत आलेली. शेखचा खडा पाहिल्यापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. जिनांच्या डोंगराचा म्हणे, आणि बुडाला माती मात्र आपल्या पश्चिमेच्या टेकडीची, तांबडी. जिनांनी इथलंच गाढव भाड्याने घेतलं असावं.

"खाला, माझ्या चिंधीने पोर वाचत असेल तर देते मी," सत्तूता रडत म्हणाली.

"कात्री ठेव खाली," बहिय्या म्हणाली आणि लोकांना ढोसत पुढे आली. तिने कमरेच्या पिशवीतून आपला एक खडा काढला. "अब्दुलगनी, शेखच्या थैलीतला एक घे नि माझा हा घे. दोन्ही चाटून बघ."

अब्दुलगनीचं तोंड वाकडं झालं. "दोन्ही तुरटच."

"असणारच. टेकडीच्या चिकणमातीत जिथे तिथे सापडते ही. आता माझा खडा मी कोपऱ्यातल्या त्या जात्यावरून उतरवते. जात्याला कुणाची नजर लागलीय ते तरी कळू दे."

"बाई, हा थट्टेचा विषय नाही," शेख गुरगुरला.

"मग गप बस नि बघ."

तिने जात्यावरून सात वेळा खडा उतरवून निखाऱ्यावर ठेवला. तोही पाझरला. बहिय्याने वर तांब्याचं थंड झाकण धरलं आणि त्यावर जमलेले थेंब सगळ्यांना दाखवले. "जातं रडतंय बघा." मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. खडा फुगून वर आला, तेव्हा कुणाला त्यात उंट दिसला, कुणाला सासू. एक म्हातारा वाकून म्हणाला, "हे तर शेखसाहेबच. दाढी बघा ना."

बहिय्याने चिमट्याने त्या मऊ गोळ्यात दोन खळगे केले, एक खोल, एक उथळ. "आणि आता?"

"सत्तूता," अब्दुलगनी हळूच म्हणाला.

"मऊ असतो तोवर यात हवं ते तोंड करता येतं. मघाशी तोंड करायला चिमटा होता, आणि कुणाचं करायचं ते तुम्हीच सांगितलंत. अब्दुलगनी, तीन दिवस तुझा चहा पीत, गावच्या गप्पा ऐकत बसलाय हा. सत्तूताच्या पापणीची गोष्ट याला काय जिनांनी सांगितली?" तिने निवलेला गोळा अब्दुलगनीच्या तळहातावर ठेवला. "हलका लागतो ना? नजर नाही गेली, पाणी गेलंय. या खड्याच्या अंगात जवळजवळ अर्धं पाणीच असतं. तापला की त्या पाण्यात स्वतःच वितळतो, वाफ बाहेर पडताना फुगतो, मग कोरडा उरतो. रोज बघते मी."

मग ती नजातजवळ बसली आणि पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच राहिली. बहिय्याचा आवाज एकदम चढला.

"पाणी हिचंही चाललंय. दगडाचं पाणी बघायला अख्खा गाव जमला, पोरीचं कुणी बघितलं नाही."

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी," सत्तूता म्हणाली, "पाणी उकळून साखर-मीठ घालून पाजा, दवाखान्यात न्या. मला दारातूनच परत पाठवलं."

वहीबाने मान खाली घातली आणि पोरीला उचलून सत्तूताच्या मांडीवर दिलं. खजुराच्या ट्रकने सगळे दवाखान्यात निघाले. वाटभर सत्तूता चमच्याने पाणी पाजत होती. शेख कधी सटकला ते कुणी पाहिलंही नाही. त्याचा चिमटा मात्र अंगणात राहिला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. चौथ्या दिवशी नजात भोकाड पसरून रडली, तेव्हा अब्दुलगनीही रडला.

ढगात, भिंतीच्या ओलीत, तुरटीत माणसाला तोंडं दिसतातच. आपल्या डोळ्यांना ती सवयच आहे. पण त्या तोंडावरून शेजारणीला गुन्हेगार ठरवायच्या आधी, बाबांनो, तोच खडा एकदा जात्यावरूनही उतरवून बघा.

घरी आल्यावर वहीबा सत्तूताच्या दारात गेली. तिने स्वतःच्याच झग्याचा काठ कापून आणला होता. "वाईट नजर माझी होती," ती म्हणाली. "ही घे, धुरीत टाक."

सत्तूताने चिंधी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"चांगली सुती आहे," ती म्हणाली. "जाळतेस कशाला? धुऊन घे नि पोरीचं पाणी गाळायला ठेव."