शिंपीणकाकूंचे मामंजी

स्वातंत्र्याच्या लढ्यात एक तरुण पुढारी शिंपीणकाकूंच्या माळ्यावर लपला होता. भाषणाचा सराव केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काकू खाली शिलाई मशीन चालवत बसायच्या, मग कापड असो वा नसो.

एकदा परक्या सरकारचा हवालदार उसवलेला गणवेश घेऊन आला. काकूंनी पाय जोरात चालवले. "मशीन फार कुरकुरतंय," म्हणत त्याने आपण होऊन त्यात तेल सोडलं. मशीन गपगार झालं आणि वरून स्पष्ट ऐकू आलं, "हे जुलमी सरकार उलथून टाका!"

"कोण आहे वर?"

"मामंजी," काकू म्हणाल्या. "डोकं फिरलंय त्यांचं. सरकार म्हणजे मी."

हवालदाराला कळवळा आला. "आमच्याकडे सासूबाई आहेत," म्हणून संध्याकाळी त्याने काढ्याची बाटली आणून दिली. रोज उतार पडला का विचारायला येऊ लागला, म्हणून पुढाऱ्याने ती नाक दाबून संपवली.

पुढे इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी त्याच्या त्यागाविषयी विचारलं.

"सोसलं हो त्याने," काकू म्हणाल्या. "पण ऐन पंचविशीत त्याला म्हातारा केला, हा राग मंत्री झाल्यावरही गेला नाही."