कोंडीतली पहिली मूठ

लालबागच्या चाळीत, गावकीच्या खोलीत बैठक उठली तेव्हा कुशाबाचा नुसता जळफळाट झाला होता. गावच्या देवळाखाली नदीची खोल कोंड आहे. तिथल्या खडस माशांना शिमग्यात तांदळाची पहिली मूठ टाकायचा मान कुशाबाच्या घराचा. यंदा गावकीने तो चुलतभाऊ दौलतला दिला. मासे मारायला पाण्यात सुरुंग लावणाऱ्यांनी कोंड ओस पाडली होती. दौलत नोकरीतून सुटल्यावर गावी राहिला, राखण केली, तेव्हा कुठे खडस पुन्हा दिसायला लागले.

"राकन केली म्हंजे मासे ह्यानं जन्माला घातले काय?" घरी येऊन कुशाबा बायकोवर, रखमावर उखडला.

"वाचले ना मासे? मंग तुमच्या पोटात का दुकतंय?"

"मी नवे नेऊन सोडतो. ड्रमभर! मंग बघू मान कुनाचा तो."

भायखळ्याच्या ओळखीतून त्याने रोहूची जिवंत पिल्लं आणली. विकणाऱ्याने वर दोन मिशाळ मांगूर दिले. "ये जल्दी मरता नहीं, चाचा." कुशाबा हरखला. दुसऱ्या दिवशी गावची गाडी होती, म्हणून मासे मोरीतल्या पिंपात ठेवले.

सकाळी झाकण काढलं तर पिंपात एक पिल्लू नाही. तळाला दोन मांगूर तेवढे, पोटं टम्म फुगलेली.

कुशाबाने झाकण परत घट्ट बसवलं. हे कोंडीत गेले असते तर खडसाचं पिल्लू उरलं नसतं. मग दौलतचं तोंड कसं झालं असतं! त्याला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याच कोंडीवर बापाने त्याला खांद्यावर घेऊन पहिली मूठ टाकायला शिकवलं होतं.

"रखमा, विळी आन."

बैठकीसाठी मुंबईत आलेला दौलत दुपारी गावच्या गाडीआधी जेवायला आला. त्याने दोनदा रस्सा मागून घेतला. "वैनी, झ्याक! कसला मासा गो?"

"गप जेव," कुशाबा म्हणाला.

शिमग्याला दौलतने मूठ टाकली. काळ्या पाठी वर आल्या, टाळ्या पडल्या. दौलत वळून हसला.

"कुशाबा, कोंडीसाटी कदी काय केलं नायस. निदान टाळ्या तरी वाजीव!"

कुशाबाने वाजवल्या. इतक्या जोरात, की वर आलेले खडस पुन्हा तळाला गेले.