पिवळी बाही

हे मी सांगितलेलं कुणालाही खरं वाटणार नाही, पैजेवर सांगतो. चूक माझीच आहे. आयुष्यभर इतक्या थापा मारल्या की आता घड्याळात बघून मी किती वाजले ते सांगितलं तरी लोक शेजारच्याला विचारून घेतात. म्हणून ही एक गोष्ट, घडली तशीच, लिहून ठेवतोय.

आम्ही सातजण इंटरनेटवर जुन्या आणि हाताने केलेल्या वस्तू विकतो. दुकानं सगळ्यांची वेगवेगळी, खोली मात्र एकच. झेरॉक्सच्या दुकानावरची, लाकडी फळ्यांच्या जमिनीची. एक लांब टेबल, एक वजनकाटा, आणि दर गुरुवारी चारला येणारी कुरिअरची गाडी. घरी एकट्याने खोकी बांधायचा कंटाळा येतो, म्हणून गुरुवारी सगळे इथे जमतात. टेप कोणी संपवला यावरून भांडतात आणि चहा आला की गप्प होतात.

माझ्याकडे स्वतःचं विकण्यासारखं काही नाही. मी वस्तूंच्या गोष्टी लिहितो. फोटोखाली चार ओळींची माहिती असते ना, ती. आमच्या दिवेवाल्याने एकदा दाताच्या डॉक्टरकडचा जुना दिवा आणला. मी लिहिलं, या दिव्याखाली बसून एका जहाजाच्या कप्तानाने बायकोला चाळीस पत्रं लिहिली आणि एकही टपालात टाकलं नाही. दिवा संध्याकाळच्या आत गेला.

"आजोबा, कप्तानाची दाढ दुखत होती वाटतं," सुईताई म्हणाली.

सुईताई म्हणजे आमच्यातली विणकाम करणारी. तिच्या जिभेलाही टोक आहे. वस्तू कुठे दुरुस्त केली असेल तर तसं माहितीत लिहायचंच, हा नियम तिनेच आमच्या गळी उतरवला. कप्तान चालेल, लपवलेली दुरुस्ती चालणार नाही, असं तिचं म्हणणं.

तर तिला एका रिकाम्या झालेल्या घरातल्या कपड्यांच्या गाठोड्यात लहान मुलाचा निळा स्वेटर सापडला. हाताने विणलेला. एक बाही कसरीने पार खाल्लेली. तिने ती उसवून टाकली आणि आमच्या डोळ्यांदेखत, त्याच टेबलाशी बसून, नवी बाही विणली. जुळता निळा मिळेना म्हणून पिवळी. फोटो काढला आणि मला म्हणाली, "बाही नवी आहे, तेवढं लिहा."

मी लिहिलं, मोठ्या बहिणीने धाकट्या भावासाठी विणलेला स्वेटर. दुसऱ्या बाहीला लोकर संपली, तेव्हा तिने स्वतःचा पिवळा स्कार्फ उसवला.

बाही नवी आहे असं लिहिलं असतं तर स्कार्फ काढावा लागला असता, आणि स्कार्फ मला फार आवडला होता. सुईताई त्या आठवड्यात तापाने पडून होती. तिने वाचलं नाही.

स्वेटर दुसऱ्याच दिवशी गेला. तो पोचला आणि विकत घेणाऱ्या बाईंचा निरोप आला. "पिवळा स्कार्फ माझा होता. तुम्हाला हे कुणी सांगितलं? माझा भाऊ सहा वर्षांचा होता. मी आणि मामा त्याला शाळेत ठेवायला निघालो होतो. स्टेशनवर गर्दीत माझ्या हातातून त्याचा हात सुटला. तिथे हाका मारून काही उपयोग नव्हता. अंगात हाच स्वेटर होता. गुरुवारी तुम्ही सगळे भेटता असं दुकानाच्या पानावर लिहिलंय. मी येते आहे."

सुईताईने निरोप वाचला, मग माझी माहिती वाचली. मग फोन माझ्यापुढे सरकवला.

"हे तुम्ही निस्तरायचं," ती म्हणाली. "त्या बसायच्या आत. पहिल्याच वाक्यात."

"पहिल्याच वाक्यात," मी म्हणालो. माझ्या मनातही तेच होतं.

गुरुवारी बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. टेप फाडायच्या आवाजात कुणाचं लक्ष गेलं नाही, तेव्हा त्यांनी दारातच जमिनीवर दोनदा पाय आपटला. फळ्या हादरल्या. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

"माफ करा हं," त्या ओशाळून म्हणाल्या. "जुनी सवय."

उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलेला स्वेटर त्यांनी टेबलावर पसरला. हात फिरवत होत्या तो फक्त पिवळ्या बाहीवरून.

"माझा पिवळा जरा गडद होता. पण इतक्या वर्षांत विटणारच की."

सुईताईजवळ त्याच लोकरीचा उरलेला गुंडा होता. तो तिने हळूच पिशवीत सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मला बाकी काही नको, दादा," बाई म्हणाल्या. "तो आहे का, एवढंच सांगा."

मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण त्यांचा अंगठा त्या बाहीच्या काठावरून मागेपुढे फिरत होता, महिन्याभरापूर्वीच्या टाक्यांवरून.

"आहे," मी म्हणालो. "स्वतः घेऊन आला होता."

दिवेवाल्याच्या हातातली कात्री तशीच थांबली.

"कसा दिसतो?"

"उंच. केस पिकलेत, पण आहेत सगळे, माझ्यासारखं नाही. बूट असे चकचकीत की खाली बघून भांग पाडावा. दोन नातवंडं आहेत. नात म्हणजे नुसती वाघीण."

बाई हसल्या. त्यांना हसताना बघितलं आणि मला कोण आवरणार.

"निघताना त्या दारात थांबला. म्हणाला, हात ताईने नाही सोडला, मीच सोडला. फुगे बघायला. एवढं तिला कुणीतरी सांगा, ती उगाच मनाला लावून घेत बसली असेल."

"असं म्हणाला तो?"

"शब्दन् शब्द."

सुईताई उठून खिडकीशी गेली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आवाज कसा होता त्याचा?"

"घोगरा," मी म्हणालो. "पण गोड. ऐकत राहावा असा."

त्यांनी स्वेटरची घडी घातली. आधी निळी बाही आत, मग पिवळी. अभ्रा वरून नीट ओढून घेतला.

"दादा, फार छान सांगितलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि तोंडातून कधी एक शब्द फुटला नव्हता. त्याला बोलवायचं म्हणजे मी पाय आपटायची."